बिननाडीचा पायजमा

४ मार्च

प्रिय ताई,

आधी खुर्चीवर बस, मग वाच. माझं कागदावरचं पत्र बघून तुला भोवळ येईल हे मला माहीत आहे. शाळेतले निबंधसुद्धा माझे तू लिहून द्यायचीस.

त्याचं असं झालं, की मी इथे पोचलो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी फोन पाण्याच्या टाकीत पडला. छतातल्या पाइपला लटकून काम करत होतो, खिशातून सटकला तो थेट बुडाला. आता कंपनीनं आम्हांला शहराबाहेर नव्या कामावर पाठवलंय. इथे फोनला रेंज नाही, आणि असती तरी फोन ठेवायची परवानगी नाही. फार कडक कारभार आहे. खाली टपालपेटीचा पत्ता दिलाय, त्यावरच पत्र पाठव. कंपनीच्या ऑफिसात फोन करू नकोस, त्यांना घरचे फोन आवडत नाहीत.

माझी काळजी करू नकोस. मोठी खोली आहे, बरेच जण राहतो. सकाळी सगळे एकदम उठतात, जेवण वेळच्या वेळी, दिवेही वेळच्या वेळी बंद. तू म्हणायचीस ना, ह्याला शिस्त लावणारं कोणी भेटायला हवं? भेटलं. कपडेसुद्धा इथेच मिळतात. पायजम्याला नाडी नाही, नुसतं इलॅस्टिक, आणि माझ्या तर नडगीपर्यंतच येतो. तू पाहिलास तर शिवणाऱ्याला फटके देशील. पायात सपाता. तेव्हा शर्ट-बिर्ट शिवून पाठवायच्या भानगडीत पडू नकोस.

पाठ बरी आहे. भावोजींकडे माझ्या पाठीचा विषय काढू नकोस, उगाच कशाला.

तुझा,
लंबू

ता. क. पेन संपलंय म्हणून पेन्सिलीनं लिहितोय.


२१ मार्च

लंबू,

पत्र मिळालं. बसून वाचलं, मग उभी राहून वाचलं, मग दुकानाचं शटर अर्धं ओढून पुन्हा वाचलं.

विमान उतरल्या उतरल्या तुझा ‘पोचलो’ एवढा निरोप आला आणि मग सगळं चिडीचूप. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. हे म्हणत होते, कामाला लागला असेल, करेल फोन. मी दिवसभर मशीनवर बसते आणि फोन मांडीवर ठेवते. एका बाईच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या शिवल्या. अशी गत.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लहानपणापासून खरं बोलताना दोन शब्द बोलतोस आणि खोटं बोलताना पाल्हाळ लावतोस. ‘पोचलो’ हे खरं होतं. टाकी, पाइप, खिसा, हे पाल्हाळ आहे. तुझ्या सगळ्या पँटींना फोनच्या खिशावर मी झाकण शिवलेलं आहे, बटणासकट. त्यातून फोन सटकत नाही.

दुसरं. कामगारांना पायजमा देणारी कंपनी मी ऐकली नाही. डगला देतात, बूट देतात, डोक्याला टोपी देतात. तू पत्र्याच्या पाइपांमध्ये सपाता घालून चढतोस? आणि नाडी का नाही? मी एवढी वर्षं कपडे शिवते आहे. नाडी न घालण्याचं कारण कापड वाचवणं हे नसतं. जिथे माणसाच्या हाती दोरी लागू द्यायची नसते, तिथे नाडी नसते. इस्पितळात एक तशी खोली असते आणि दुसरी जागा मला लिहायचीसुद्धा नाही.

तू आजारी आहेस का? तेवढं दोन शब्दांत लिही.

ताई

ता. क. तुझ्या पाठीबद्दल ह्यांना का सांगायचं नाही?


७ एप्रिल

ताई,

आजारी नाही. ठीक आहे.

तुझं डोकं कापडात चालव, माझ्या पत्रात नको. कुठेही चौकशी करू नकोस, हात जोडून सांगतो. माझी नोकरी जाईल. थोडे महिने जाऊ देत, मी स्वतः फोन करीन.

लंबू


२२ एप्रिल

माननीय अधिकारी, नागरिक साहाय्य विभाग, दूतावास यांस,

साहेब, नमस्कार. मी शिवणकाम करते, माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. माझा धाकटा भाऊ आपण आहात त्या देशात एसीचे पाइप बसवायचं काम करतो. त्याच्या पासपोर्टाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. उंच आहे, गर्दीत लगेच दिसतो.

फेब्रुवारीत रजा संपवून तो परत गेला. तेव्हापासून त्याचा आवाज ऐकलेला नाही. दोन पत्रं आली, दोन्ही पेन्सिलीनं लिहिलेली. त्यानं नको सांगितलं होतं, तरी मी त्याच्या कंपनीत फोन केला. ते म्हणाले, तो रजेवरून कामावर आलाच नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. पत्रावर पत्ता म्हणून फक्त टपालपेटीचा क्रमांक आहे. पाकिटाच्या मागे एक शिक्का अर्धवट उमटलाय, तो मला वाचता येत नाही. त्याचाही फोटो जोडते आहे.

आई गेली तेव्हा तो फार लहान होता, त्याला मीच वाढवलंय. एवढंच सांगा, तो कुठे आहे आणि धडधाकट आहे ना. बाकी काही विचारणार नाही. म्हणजे विचारीन, पण नंतर.

आपली नम्र


२५ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपण ज्या व्यक्तीबद्दल विचारणा केली आहे, तिच्यासंबंधी कोणतीही माहिती देण्यास हा विभाग असमर्थ आहे.

आपल्या माहितीसाठी सर्वसाधारण नियम कळवतो. आपला एखादा नागरिक इथे अटकेत असल्यास त्याला विचारलं जातं, की दूतावासाला कळवायचं का आणि घरी कळवायचं का. सज्ञान माणसाने ‘नाही’ म्हटलं, तर ते ‘नाही’ आमच्यावर बंधनकारक असतं. मग सख्ख्या बहिणीलाही आम्ही काही सांगू शकत नाही, आणि त्याने मागितल्याशिवाय वकील किंवा दुभाषाही देऊ शकत नाही. हा केवळ सर्वसाधारण नियम आहे. त्यातून कोणताही अर्थ काढू नये.

तथापि, कुटुंबीयांनी एखाद्या नागरिकासाठी पत्र पाठवल्यास ते जवळ ठेवून, ती व्यक्ती भेटल्यास तिच्या हाती देण्यास नियमाची आडकाठी नाही. येत्या गुरुवारी मी कामानिमित्त शहराबाहेर एका ठिकाणी आपल्या काही नागरिकांना भेटायला जाणार आहे. पत्र ईमेलने बुधवारपर्यंत आल्यास बरं.

आपला,
साहाय्यक अधिकारी


२६ एप्रिल

लंबू,

हे पत्र तुझ्या हातात पडलं, म्हणजे तू कुठे आहेस ते मला कळलं. साहेबांनी मला काहीही सांगितलं नाही. इतकं काळजीपूर्वक सांगितलं नाही, की मी रात्रभर छताकडे बघत होते.

तू काय केलंस ते मला माहीत नाही. काही केलं असशील तरी तू माझा भाऊ आहेस आणि नसशील केलं तर दोन कानफटात देईन, की गप्प का बसलास. मला भीती वाटते. एरवी मी कोणाला बधत नाही, तुला माहीत आहे, पण आता रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली तरी मी दुसऱ्या गल्लीत वळते. तिथे तुझी भाषा कोणाला येते? तुझ्या बाजूनं कोण बोलतं? तू नुसता मान डोलावत असशील. परक्यासमोर तुझी ती सवयच आहे, समजो न समजो, मान डोलवायची.

मला सगळं लिही. आणि साहेब पुढे करतील त्या कागदावर सही कर, की तुला त्यांची मदत हवी आहे. हे मी विचारत नाहीये, सांगतेय.

ताई


२ मे

ताई,

हे पत्र साहेब स्वतः पाठवणार आहेत, म्हणून खरं लिहितो.

ती पेपरमिंटची डबी आठवते? निळ्या झाकणाची, तू बटणं ठेवायचीस ती. निघताना माझी पाठ दुखत होती म्हणून भावोजींच्या ऑपरेशनच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तू तिच्यात भरून दिल्यास. विमानतळावर तपासणीवाल्यांनी बॅग उघडली. ‘पोचलो’ लिहून फोन खिशात ठेवला आणि त्यांनी डबी हलवून बघितली. वाजली. त्या गोळ्या इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जवळ ठेवायला बंदी आहे. गोळ्यांवर नाव नाही, पाकीट नाही, गोळ्यांबरोबर डबीत एक बटणही होतं. त्यांनी ते बटणसुद्धा तपासायला पाठवलं.

विचारलं, कोणी दिल्या? ताई, त्यांच्या आवाजानं मी घाबरलो. वाटलं, तुझं नाव घेतलं तर हे आपल्याकडच्या पोलिसांना कळवणार, तुझ्या दुकानात पोलीस येणार, भावोजींची सरकारी नोकरी, दुसऱ्याचं औषध दिलं म्हणून त्यांच्यावरही बालंट. म्हणून सांगितलं, स्टेशनबाहेर एका माणसाकडून घेतल्या, ओळखत नाही. ते म्हणाले, मग इथे कोणाला द्यायच्या होत्या? मला समजलं नाही. मी मान डोलावली.

आता खटला चोरून औषधं आणल्याचा आहे. त्याला फार वर्षं असतात.

साहेबांच्या कागदावर सही केलीय, वकील आणि दुभाषा मिळतील. पण तुझं नाव मी घेणार नाही, आणि तूही कुठे बोलू नकोस. भावोजींनाही नाही. एकजण अडकलाय तेवढं पुरे.

लंबू


९ मे

लंबू,

तुझं पत्र वाचून मी दुकानातल्या फळीकडे बघत बसले. बटणं डबीत, हुक डबीत, सुया डबीत, टाचण्या डबीत. कुठलीही वस्तू आली की मी तिचं पाकीट फाडते, फेकते आणि डबीत ओतते. पाकिटं जागा खातात म्हणून. त्या दिवशी गोळ्याही तशाच एकेक करून सोडवल्या. कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापली, मागचं नाव, डॉक्टरचा शिक्का, सगळं केराच्या टोपलीत. बॅगेचं वजन वाढायला नको म्हणे. मीच.

ह्यांना सांगितलं. तू नको म्हणालास तरी सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. जेवत होते, हात तसाच राहिला. मग म्हणाले, “तरी मी विचारत होतो, माझ्या गोळ्या गेल्या कुठे.” सकाळी ऑफिसला न जाता डॉक्टरांकडे जाऊन बसले. डॉक्टरांनी लिहून दिलंय, की ह्या गोळ्या ह्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनीच दिल्या होत्या, इथे त्या कायदेशीर आहेत. मी वकिलासमोर प्रतिज्ञापत्र केलंय, की डबी माझी, गोळ्या मी भरल्या, भावाच्या पाठीसाठी. त्यात बटणाचंही लिहिलंय. वकील म्हणाला बटण कशाला, मी म्हटलं राहू दे, खरं आहे ते.

सगळं साहेबांकडे पाठवलं आहे. तू फक्त हो म्हण.

ताई


२० मे

सप्रेम नमस्कार.

आता आपल्या बंधूंची संमती असल्याने मोकळेपणाने लिहू शकतो. त्यांची प्रकृती ठीक आहे. पाठ दुखते, डॉक्टरांनी तपासलं. खोलीतली खाट त्यांच्या उंचीला पुरत नाही, त्याबद्दल तुरुंगाधिकाऱ्यांशी बोललो आहे.

आपली कागदपत्रं भाषांतर करून वकिलांकडे दिली. परंतु आपल्या बंधूंनी ती न्यायालयात सादर करण्यास नकार दिला आहे. आरोपीच्या इच्छेविरुद्ध वकील ती दाखल करू शकत नाहीत. मी सल्ला देऊ शकतो, त्यांच्या वतीने निर्णय घेऊ शकत नाही. दोनदा सल्ला दिला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या म्हणण्यावर मान डोलावली आणि शेवटी नाही म्हणाले.

आपण कागदपत्रांसोबत विचारलं होतं, की नाव पुढे आल्यास आपल्याला त्रास होईल का. खरं सांगायचं तर खात्री देता येत नाही. आपल्याकडे चौकशी होऊ शकते. या देशात येण्यास आपल्याला बंदी होऊ शकते.

सुनावणी २ जूनला आहे. कागदपत्रांशिवाय चोरट्या आयातीचा आरोप टिकेल, असं वकिलांचं मत आहे. सोमवारी बंधूंना पुन्हा भेटणार आहे. काही लिहायचं असल्यास त्याआधी पाठवावं.

आपला,
साहाय्यक अधिकारी


२१ मे

साहेब,

मला त्या देशात यायचंच कुठे आहे? घाला म्हणावं बंदी. पोलीस आले तर बसायला खुर्ची देईन, दुकानात दोन आहेत.

खाटेचं बघितलंत, फार उपकार झाले. सोबतचं पत्र त्याला द्या. तुम्ही वाचलंत तरी चालेल.


२१ मे

लंबू,

दुकानात अजून तीच माणसं येतात, मी तीच मापं घेते. पण सकाळी फळीवरची पहिली डबी उघडायला हात धजत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, काकू, बटण लावायचं विसरलात. मी विसरत नाही, मला झाकण उघडवत नाही.

तुला वाटतंय तू मला वाचवतोयस. तू तिथे वर्षानुवर्षं बसशील आणि मी इथे मोकळी फिरीन, भाजी आणीन, हसेन, आणि प्रत्येक दिवशी मला ठाऊक असेल की ते माझं आहे आणि तू भोगतोयस. ह्याला वाचवणं म्हणत नाहीत. पोलीस मला काय करतील ते करतील, ते कधीतरी संपेल. तू जे करतोयस ते संपणार नाही.

आई गेल्यावर तू माझ्या पदराला धरून सगळीकडे यायचास, न्हाणीघराच्या दारापर्यंत. लोक हसायचे. मी तुला कधी सोड म्हटलं नाही. आज सांगते, सोड. मी पडणार नाही.

माझं नाव घे.

ताई


२ जून

सप्रेम नमस्कार.

निकालाचं अधिकृत पत्र स्वतंत्र येईल. आपण फोनजवळ बसल्या असाल म्हणून आधी हे ईमेलने कळवतो.

सोमवारी आपलं पत्र त्यांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि जवळ ठेवलं. आज सकाळी न्यायालयात शिरेपर्यंत त्यांचा निर्णय मला किंवा वकिलांना माहीत नव्हता. कागदपत्रं वकिलांच्या हातात तशीच होती.

न्यायाधीशांनी विचारलं, गोळ्या कोणी दिल्या. दुभाष्याने प्रश्न सांगितला. प्रश्न दुसऱ्यांदा विचारला गेला. बंधूंनी मान डोलावली नाही. म्हणाले, “माझ्या ताईनं. माझी पाठ दुखत होती.” एवढंच. मग वकिलांनी कागद पुढे केले. न्यायाधीशांनी बटणाबद्दलचं वाक्य दुभाष्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि तपासणीच्या पाकिटातलं बटण मागवून बघितलं.

चोरट्या आयातीचा आरोप वगळला. चिठ्ठीविना औषध बाळगल्याचा राहिला, त्याची शिक्षा त्यांनी भोगलेल्या काळात धरली गेली. देशाबाहेर पाठवण्याचा आदेश आहे. इथे पुन्हा काम करण्यास त्यांना कायमची मनाई आहे. प्रवासाचे कागद मी करतो आहे. आपल्यावर कारवाईबाबत न्यायालयाने काही म्हटलेलं नाही.

मी या कामात बरीच वर्षं आहे. बहुतेक वेळा मला घरच्यांना वाईट बातमी सोप्या शब्दांत सांगायची असते. आज उलट झालं आणि पत्र कसं संपवायचं ते सुचत नाही.

आपला,
साहाय्यक अधिकारी


९ जून

ताई,

हे पत्र टाकायला पेटी नाही. विमानतळावरच्या एका खोलीत बसलोय, बाहेर पहारा आहे, बहुतेक मीच ते तुझ्या हातात देईन. साहेबांनी त्यांचं पेन दिलं आणि परत मागितलं नाही.

आनंद झालाय का, मला कळत नाही. नोकरी गेली. इथे आता पाऊल ठेवता येणार नाही, आणि एवढ्या वर्षांत मला दुसरं काही आलं नाही, पत्र्याचे पाइप जोडण्यापलीकडे. तिथे येऊन काय करणार, डोकं चालत नाही. भावोजींच्या तोंडाकडे कसं बघू, तेही कळत नाही. पण तुझं नाव घेतलं त्या रात्री मला झोप लागली. आखूड खाटेवर, पाय बाहेर काढून.

सकाळी माझं सामान परत दिलं. डबी नाही मिळाली, ती कोर्टात राहिली, बटणासकट. फोन मिळाला, तुझ्या झाकणाच्या खिशात होता तसाच. मी आधी बुटांच्या लेस ओवल्या. सगळी भोकं चुकली. पहारेकरी उभा राहून बघत होता, घाई कर म्हणाला नाही.

मग तू शिवलेली पँट घातली. ताई, ती कमरेला राहत नाही, एका हातानं धरून बसलोय. आलो की माप घे. कंबर बरीच आत घ्यावी लागेल. लांबीला हात लावू नकोस, ती आहे तेवढीच आहे.

तुझा,
लंबू